गावच्या शाळेतले संगणक तिसरा पावसाळा कसा काढतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राजापूर तालुक्यातल्या वाडीची जिल्हा परिषद शाळा, पहिली ते सातवी, पट ३८, शिक्षक दोन. मुंबईकर मंडळाने सव्वा लाख जमवलेत. वीस टॅब घ्यावेत की पाच-सहा संगणक, यावर मंडळात वाद आहे. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की याआधी देणगीत मिळालेले चार संगणक दोन पावसाळ्यांत बंद पडले आणि आता कपाटामागे पडून आहेत.

माझ्या मते ही शेवटची ओळच खरा प्रश्न आहे. ते चार का बंद पडले हे कळल्याशिवाय नवीन काहीही घेतलंत तरी ते त्याच कपाटामागे जाणार. कोकणात संगणक म्हातारा होऊन सहसा मरत नाही. तो ओलीने, नसलेल्या अर्थिंगने आणि कुलूपबंद खोलीमुळे मरतो, आणि यातली खोली सगळ्यात घातक. रोज तासभर चालणारं यंत्र आतल्या उबेने कोरडं राहतं. ‘महाग वस्तू आहे, मुलं बिघडवतील’ म्हणून जुलैत महिनाभर बंद ठेवलेलं यंत्र ऑगस्टमध्ये चालू होत नाही. म्हणून सल्ला असा की यंत्रं कमी घ्या, जुनी पण दणकट घ्या, सगळी एकाच मॉडेलची घ्या, साधारण एक चतुर्थांश पैसे वीज आणि ओल यांच्यासाठी बाजूला काढा, आणि ती रोज वापरली जातील असं वेळापत्रक खरेदीच्या आधी ठरवा.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत. शाळा खाडीकाठी किंवा समुद्रालगत असेल तर खाऱ्या हवेमुळे गंज दुप्पट वेगाने धरतो असंच समजून चला. वरती सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, असेल तर खारं वारं कमी, पण विजा जास्त. दिवसाला तासाच्या वर वीज जाते की आठवड्यातून एकदा, यावर बॅटरीचा हिशोब बदलतो. दोघांपैकी एक तरी शिक्षक माऊस धरायला कचरत नाही ना, हेही बघा. दोघेही कचरत असतील तर पहिले तीन महिने गावातली बारावी झालेली एखादी पोरगी रोज तासभर येईल अशी सोय आधी करा, खरेदी मग.

टॅबचं आधी उरकतो. टॅबची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, कधी फुगते, काच फुटली की दुरुस्तीचा खर्च नव्या टॅबच्या जवळ जातो आणि त्यावर मुलं मुख्यतः व्हिडिओ बघतात. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड उघडायला शिक्षकांचा एक फोन पुरतो. बोटाने सरकवणं मुलांना घरच्या मोबाइलवर येतंच. फाइल म्हणजे काय, ती कुठे ठेवली, तिला नाव काय दिलं, दुसऱ्या दिवशी ती कशी शोधायची, हे मोबाइल शिकवत नाही आणि कळफलकावर दहा बोटांनी लिहायलाही नाही. वीज अजिबात भरवशाची नसलेली शाळा असती तर टॅबचा विचार केला असता. तुमच्याकडे मीटर आहे, तेव्हा संगणकच.

कुठला? कंपन्या आपली कार्यालयं बदलताना जी डेस्कटॉप यंत्रं काढून टाकतात, ती. डेलचं ऑप्टिप्लेक्स, एचपीचं एलिटडेस्क किंवा प्रोडेस्क, लेनोव्होचं थिंकसेंटर, सहाव्या-सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागची वेगवान साठवण). विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट यंत्रं कार्यालयांतून बाहेर पडताहेत आणि लिनक्स या फुकट कार्यप्रणालीवर ती अजून बरीच वर्षं सहज चालतील. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मॉनिटरशिवाय नऊ हजारांच्या आसपास धरा. रॅम आणि एसएसडीचे भाव हलते असतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारा. मुलांसाठी पाच लागतील, पण घ्या सहा, तीही एकाच मॉडेलची. या छोट्या पेट्यांचे एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारे डबे, बहुतेकदा कंपनीच्या स्वतःच्या मापाचे आणि वेगळ्या पिनांचे असतात. राजापूर-कणकवलीच्या दुकानात साधा एसएमपीएस मिळेल, हा मिळणार नाही. सहावं यंत्र म्हणजे तुमचं सुट्या भागांचं दुकान. पाच वेगवेगळ्या कंपन्यांची पाच यंत्रं कुणी फुकट दिली तरी त्यांची दुरुस्ती महागात पडते.

दुकानात तपासताना लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह सोबत न्या आणि प्रत्येक यंत्र त्यावरून सुरू करून अर्धा तास चालवा. पुढचे-मागचे सगळे यूएसबी, आवाज आणि लॅनचं, म्हणजे नेटवर्कच्या तारेचं, तोंड बघा. एसएसडीची प्रकृती डिस्क्स नावाच्या प्रोग्राममध्ये दिसते, किती तास चालली तेही. बायोसला, म्हणजे यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगांना, जुन्या कंपनीचा पासवर्ड असेल तर तो दुकानदाराकडून तिथेच काढून घ्या, गावात आल्यावर तो निघत नाही. बायोसमध्येच वीज परत आल्यावर यंत्राने काय करायचं याचं सेटिंग असतं, ते ‘बंद राहा’ वर ठेवा. नाहीतर वीज मिनिटाला येते-जाते तेव्हा यंत्र दहा वेळा उठतं आणि झोपतं. आणखी एक, मागे व्हीजीएचं (मॉनिटरच्या जुन्या पद्धतीच्या तारेचं) तोंड आहे का बघा. जुन्या १९ इंची मॉनिटरला तेच लागतं. नसेल तर प्रत्येक यंत्रामागे डिस्प्लेपोर्टचं अ‍ॅडॉप्टर घ्यावं लागेल, आणि ते मुंबईतच राहिलं की उद्घाटनाच्या दिवशी पडदे काळे.

आता वीज. अशी पेटी आणि एलईडी मॉनिटर मिळून साध्या कामात ५० ते ६० वॅट घेतात, म्हणजे पाच संच २७५ वॅट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, पण ती निम्म्यापेक्षा खाली उतरवली तर लवकर जाते आणि इन्व्हर्टर स्वतः पंधरा-वीस टक्के खातो. हातात उरतात साधारण ७५०, म्हणजे अडीच तास. शाळेला तेवढे पुरतात. घरगुती इन्व्हर्टरला मागे ‘यूपीएस’ असं खटक्याचं बटण असतं. ते त्या बाजूला नसेल तर वीज जाताच संगणक बंद होतात आणि सगळे बॅटरीला नावं ठेवतात. पंखे आणि ट्यूब या इन्व्हर्टरवर जोडू देऊ नका. एकदा जोडले की उन्हाळ्यात शिक्षकांच्या खोलीचा पंखाच बॅटरी पिऊन टाकतो.

अर्थिंगकडे तुमच्या आधीच्या देणगीदारांनी बघितलं नसणार. मल्टिमीटर घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढंच, आणि संगणक चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत दिसलं पाहिजे. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे दाखवत असेल किंवा आकडा नाचत असेल तर सॉकेटचं तिसरं भोक नुसतं दाखवायला आहे. अर्थ नसताना एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे पत्र्याच्या पेटीवर शंभरेक व्होल्ट येऊन बसतात. करंट अगदी थोडा असतो, पण चपला बाहेर काढून ओल्या फरशीवर बसलेल्या मुलाला पेटीला हात लागताच झिणझिण्या येतात. ‘संगणक शॉक देतो’ म्हणून मुलं हात लावत नाहीत याचं कारण बहुतेकदा हेच. वायरमनकडून स्वतंत्र अर्थ करून घ्या आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा खटका) बसवायला सांगा. जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत होते आणि अर्थ कमजोर पडतो. म्हणून खड्डा हातपाय धुण्याच्या नळाजवळ घ्या, म्हणजे ओलावा आपोआप मिळतो.

विजांसाठी एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे प्लग भिंतीतून उपसणं. बटण बंद करणं म्हणजे उपसणं नव्हे. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, या दोन वेळा सगळ्यात वाईट. इंटरनेटची फायबर आली असेल तर काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण मोडेमच्या अ‍ॅडॉप्टरमधून लॅनच्या तारेत आणि तिथून पाचही यंत्रांत शिरते. तेव्हा तोही उपसायचा.

ओलीचं काम साधं आहे, फक्त सातत्याने करावं लागतं. टेबलं पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवा. झड तिथूनच आत येते आणि जांभ्याची भिंत पाणी पिते. कौलारू छप्पर असेल तर एका मोठ्या पावसात ठिबक कुठे पडतं ते बघून मगच जागा ठरवा. पेटी जमिनीवर नको, वीतभर उंच फळीवर ठेवा. वरून प्लॅस्टिकचं आवरण घालू नका. यंत्र गरम असताना घातलं की आतल्या बाजूला घाम धरतो. झाकायला जुनी सुती साडी सगळ्यात चांगली. पेटीच्या मागची रिकामी खाचपट्टी निघालेली असेल तर तिथून पाल आत जाते, उबेला एसएमपीएसमध्ये बसते आणि स्वतःबरोबर त्यालाही घेऊन जाते. डासांच्या जाळीचा पंख्यापुरता तुकडा लावायला हरकत नाही, पण ती दर महिन्याला झाडायची. तांबड्या धुळीने जाळी बुजली की यंत्र तापतं.

मेच्या सुट्टीआधी सगळे प्लग, सगळ्या तारा काढा, बॅटरीत डिस्टिल्ड पाणी घालून ती पूर्ण चार्ज करा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर यंत्रं थेट सुरू करू नका. आधी सॉकेटांत मुंग्यांची माती आहे का बघा, झाकणं उघडून दिवसभर पंख्याखाली ठेवा, मग एकेक करून लावा.

आता कपाटामागचे चार. ते मेलेले आहेत असं धरू नका. प्लग काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, झाकण उघडा, रॅमच्या पट्ट्या काढा. पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात, त्यांवर काळपट छटा दिसेल. साधा पांढरा खोडरबर दातांच्या लांबीच्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने फिरवा. शाई खोडायचा खरखरीत रबर नको, तो मुलामा काढतो. कीस झटका, दातांना बोट लावू नका, आणि पट्टी परत बसवताना दोन्ही कानांचा ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. ‘लाइट लागतो पण पडद्यावर काही येत नाही’ ही पावसाळ्यातली तक्रार बऱ्याचदा एवढ्यावर मिटते. मग मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी बदला, चाळीस-पन्नास रुपयांचं काम. ती संपली की यंत्राची तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ धोकादायक ठरवून अडवतो. शाळेत मात्र समजतात की नेट गेलं. हार्ड डिस्क कुरकुरत असेल तर तिच्या जागी साधी साटा एसएसडी बसवा. जळका वास येणारा एसएमपीएस मात्र उघडू नका, बदला. चारांतून दोन उठले तरी पहिली-दुसरीच्या चित्रकलेला पुरतात. एक काळजी घ्या: ते चार डेड स्टॉक नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, चढलेले असणार. एकाचे भाग दुसऱ्यात घालण्याआधी मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात तशी नोंद करावी, आणि जे उरतील त्यांचं रीतसर निर्लेखन करून, म्हणजे नोंदवहीतून नावं कमी करून, ते अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावेत. निर्लेखन कोण करणार या भीतीनेच अशा वस्तू वर्षानुवर्षं कपाटामागे राहतात.

सॉफ्टवेअरसाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. एक यंत्र नीट तयार करा: लिब्रेऑफिस, लहानांसाठी जीकॉम्प्रिस आणि टक्स पेंट, मोठ्यांसाठी स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायचं साधन). स्क्रॅचची अधिकृत प्रत लिनक्ससाठी निघत नाही, तिथे टर्बोवार्प डेस्कटॉप घ्या, त्यात स्क्रॅचचेच प्रकल्प चालतात. मग क्लोनझिला या प्रोग्रामने त्या यंत्राची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण नक्कल, पेनड्राइव्हवर घेऊन बाकीच्यांवर उतरवा. कुणी काही बिघडवलं तर अर्ध्या तासात यंत्र पुन्हा कोरं. त्यामुळेच मुलांना बिनधास्त बिघडवू देता येतं, आणि ते फार गरजेचं आहे. इंटरनेट नसलं तरी मराठी विकिपीडिया किविक्सवर (नेटशिवाय विकिपीडिया वाचायचा प्रोग्राम) आणि बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मुंबईहूनच भरून आणा. शिक्षकांच्या कार्यालयीन कामाची पोर्टलं ब्राउझरमध्ये चालतात. अडतं ते प्रिंटरवर. शाळेत कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर असेल तर लिनक्सवर तो चालवण्यात वेळ घालवू नका, त्यासाठी एखादं विंडोजचं यंत्र बाजूला ठेवा.

पाच यंत्रांवर जोडीने दहा मुलं बसतात. ३८ मुलांचे चार गट, प्रत्येकाला आठवड्यात दोन तासिका, म्हणजे एकूण आठ. जोडीतला एक हात चालवतो, दुसरा फक्त तोंडाने सांगतो आणि दहा मिनिटांनी घड्याळ बघून अदलाबदल. हा नियम कडक पाळा, नाहीतर प्रत्येक जोडीत एकच मूल शिकतं, आणि ते बहुतेकदा आधीपासून धीट असलेलं. खोलीची किल्ली शालेय मंत्रिमंडळाकडे द्या. सहावी-सातवीतले दोन संगणकमंत्री सकाळी यंत्रं लावतील, संध्याकाळी प्लग उपसतील आणि वहीत सही करतील. शिक्षक रजेवर असले तरी खोली उघडली पाहिजे.

मराठी टंकलेखन चौथीपासून, आणि फक्त युनिकोड (कुठल्याही यंत्रावर तशीच दिसणारी अक्षरं), फक्त इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची कळांची प्रमाण मांडणी). रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सवय लागली की मूल मराठी शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग करत बसतं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. बोटं मधल्या ओळीवर टेकली की शिफ्ट न दाबता चिरे, रोप, पिके, चोर हे शब्द तिथल्या तिथे होतात. पहिले दोन आठवडे एवढेच शब्द, रोज दहा मिनिटं. कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावू नका; मुलं बोटांकडे बघत राहतात, आणि दमट हवेत ते महिन्यात सुटतात.

पाचवीच्या पुढे कोष्टकपत्रक (स्प्रेडशीट) शिकवायला तुमच्याकडे फुकटचा विषय आहे. सरळ उभ्या भिंतीचा पारदर्शक डबा उघड्यावर ठेवायचा, बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या मुलाने त्याच वेळी वाचून आकडा वहीत लिहायचा आणि डबा रिकामा करायचा. तासिकेला तो लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये भरायचा: तारखेचा रकाना, मिलिमीटरचा रकाना, महिन्याची बेरीज, आलेख. कुणीतरी १२० च्या जागी १२०० टाकेल आणि आलेखात एक खांब आभाळाला भिडेल. तो मुलांनाच शोधू द्या. आपणच भरलेल्या आकड्यावर संशय घेण्याची सवय तिथे लागते. पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर दाखवून ‘हे कुणी लिहिलं, कधी, कशावरून?’ असं विचारणं मग सोपं जातं.

आणखी एका तासिकेची जागा ठेवा. वाडीत कितीतरी घरांत आजी-आजोबा आणि नातवंडं. पैसे मुंबईहून फोनवर येतात आणि फोन चालवतं मूल. त्या मुलाला दोन गोष्टी पाठ हव्यात: पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो द्यायला लागतो, आणि ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन. याचं नाटुकलं करून घेतलंत तर घरापर्यंत पोचतं.

पैशांचा अंदाज असा: सहा पेट्या ५४ हजार, पाच जुने मॉनिटर साडेबारा, नवे कळफलक आणि माऊस चार, इन्व्हर्टर-बॅटरी तेवीस, वायरिंग आणि अर्थिंग दहा, आठ तोंडांचा लॅन स्विच आणि तारा तीन. झाले एक लाख साडेसहा हजार. उरलेले साडेअठरा हजार खर्चू नका, ते पहिल्या तीन वर्षांच्या दुरुस्तीचे. मंडळातलं कुणीतरी म्हणेल की त्यात अजून दोन संगणक बसतात. बसतात, पण मग तुमच्या कपाटामागे चाराऐवजी बारा होतील. बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागेल, तिच्यासाठी मंडळाने दरवर्षी थोडी रक्कम ठेवावी. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा आयटीतले दोघं-तिघं तरी असतातच; त्यांना विसर्जनानंतरचा एक दिवस मागून घ्या. झाकणं उघडणं, रॅम पुसणं, प्रतिमा ताजी करणं एका दिवसात होतं. जुने लॅपटॉप घेऊन आले तर मात्र बॅटरी फुगलेली नाही आणि देणाऱ्याने आपली माहिती पुसली आहे हे बघूनच घ्या.

शाळा समुद्रापासून किती आत आहे, छप्पर कौलांचं की स्लॅबचं, आणि वीज साधारण कधी किती वेळ जाते, एवढं कळवा. त्यावर बॅटरी एक पुरेल की दोन लागतील आणि छोट्या पेटीऐवजी त्याहून कमी वीज घेणारी मिनी यंत्रं परवडतील का, हे नेमकं सांगता येईल. अर्थिंगचे तीन आकडे मात्र खरेदीला निघायच्या आधी मोजून घ्या.